जुनी बाकी

अप्रेझलच्या दिवसांत ऑफिसमधल्या कुणावर तरी दात-ओठ खाणं आपल्या सगळ्यांनाच जमतं. मी दोन वर्षं खाल्ले! रात्र जागून मी बनवलेली एक्सेल शीट माझ्याच रूममेटने स्वतःची म्हणून बॉसला दाखवली, प्रमोशन घेतलं आणि वर पार्टी दिली. (मी त्या पार्टीत पोटभर जेवलो, हे तर आणखीच वाईट.) तेव्हापासून बोलणं बंद.

गेल्या मे महिन्यात त्याची लग्नपत्रिका आली. लग्न दौंडला, आणि मी सुट्टीवर शिरूरला घरी. जायचं नाही, हे ठरलेलं. आजीने पत्रिका उलटसुलट करून पाहिली आणि एवढंच विचारलं, "तू रोज प्रार्थनेत काय म्हणतोस रे?"

आम्ही ख्रिस्ती. प्रभूच्या मराठी प्रार्थनेत अपराधाला 'ऋण' म्हटलंय. लहानपणापासून घोकलेला शब्द. पण अकाउंट्समध्ये नोकरी करूनही तो कधी डोक्यात शिरला नव्हता. बुडीत बाकी राइट ऑफ करताना ती नव्हतीच, असं कुणी म्हणत नाही. रक्कम नीट लिहायची आणि तगादा सोडायचा.

"जाता जाता केडगावला थांब," आजी म्हणाली. मग वाट वाकडी करून न्हावऱ्यावरून बाइक काढली. दौंड तालुक्यातलं केडगाव म्हणजे पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन. दुष्काळात आई-वडील गेले, लग्नाला दोन वर्षं होण्याआधी नवरा गेला. 1883मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतल्यावर इथे टीकेची झोड उठली. 1893मध्ये तर धर्मांतराच्या संशयावरून पालकांनी पुण्याच्या शारदा सदनातून मुली काढून नेल्या. पुढे तीनेक वर्षांत दुष्काळ पडला, तेव्हा याच बाई मध्य प्रांतात जाऊन उपाशी विधवा आणि मुली शेकड्यांनी घेऊन आल्या. त्यांना कधी कडवटपणा आलाच नसेल, असं मला वाटत नाही. पण तो कुरवाळत बसायला त्यांनी वेळ कुठून काढला असता? 1921मध्ये मुलगी मनोरमा गेली, 1922मध्ये त्या स्वतः. आणि उतारवयातली वर्षं मूळ हिब्रू-ग्रीकवरून बायबल साध्या मराठीत आणण्यात गेली.

आणि मी एका एक्सेल शीटवर अडलेलो!

दौंडला पोचलो तेव्हा अक्षता पडून गेल्या होत्या. स्टेजवर मला बघून नवरदेवाचा चेहराच उतरला. हात हातात घेऊन तो पुटपुटला, "ती शीट तुझीच होती रे."

"माहितीये मला," मी म्हटलं. "समोर बघ, फोटो काढतायत."