चवड्याचे माप

माणसाला आपल्या पायांची आठवण सहसा होत नाही. ते बिचारे खाली असतात, आणि आपली दृष्टी बहुधा पुढे किंवा वर. आम्हांस मात्र बालपणापासून आमच्या पायांचा विसर कोणी पडू दिला नाही. जूनच्या पहिल्या आठवड्यात वडिलांचे बोट धरून खडेबाजारात जावे, दुकानदाराने पाचसहा खोकी उघडावीत, आमचा पाय एकेका बुटात कोंबून पाहावा आणि अखेर वडिलांकडे वळून म्हणावे, "मुलाचे पाय फार पसरट हो!" हे ऐकताच आम्ही पाय बाकाखाली ओढून घेत असू. वडील काही बोलत नसत. पाय त्यांचेच होते.

त्यांनी स्वतः जन्मभर अथणीची चप्पल वापरली. कोल्हापुरी म्हणून जगभर ओळखल्या जाणाऱ्या या पायताणाचा मोठा वाटा आमच्या बेळगाव जिल्ह्यात, अथणी-निपाणीकडे तयार होतो, हे पुष्कळांस ठाऊक नसते. पुढे भौगोलिक निर्देशांकाची नोंद झाली तेव्हा महाराष्ट्रातील चार जिल्ह्यांबरोबर कर्नाटकातील बेळगाव, धारवाड, बागलकोट व विजापूर हे चार जिल्हेही तीत आले, आणि आम्हांस उगाचच घरचे कार्य झाल्यासारखे वाटले. ही चप्पल आरंभी चावते, पण तेल पाजून महिनाभर वागवली की तिचे चामडे सैलावते आणि पायाचा आकार घेते. रुंद पायाच्या माणसाला एवढी समजूतदार वस्तू दुसरी नाही. परंतु ती चालण्यासाठी. सायकलीवर तिचा तळ पायडलावरून घसरतो, मागे पट्टा नसल्याने टाच मोकळी सुटते, आणि पावसात तर ती पाहवत नाही.

सायकलीचे वेड आम्हांस उतारवयात लागले, तेही हौसेने नव्हे. गुडघे कुरकुरू लागले होते आणि मधुमेह घरात येऊन सहा वर्षे झाली होती. "चालणे कमी करा, सायकल चालवा, तीत शरीराचा भार गुडघ्यावर पडत नाही," असे डॉक्टरांनी सुचविले. पहाटे टिळकवाडीतून निघून वडगावमार्गे येळ्ळूरच्या भातशेतीपर्यंत जाणे हा आमचा नेम झाला. कॅनव्हासचे बूट करंगळीला काचत, म्हणून चिरंजीवांनी खास सायकलस्वारांसाठी बनविलेल्या सँडल्स मागविल्या. आमचा नेहमीचा नंबर सात. सात आणल्या त्या चवड्यावर अरुंद निघाल्या. परत करून नऊ मागविल्या, तेव्हा कोठे पाय आत गेला. पाय आत गेला म्हणजे पादत्राण झाले, अशी आमची त्या काळी समजूत होती.

तिसऱ्या आठवड्यात एके सकाळी आम्ही फेरी आटोपून स्वयंपाकघरात चहा घेत बसलो असता सौभाग्यवतींनी विचारले, "फरशीवर हे काय सांडलंय?" रक्त होते. उजव्या करंगळीच्या बाहेरच्या बाजूस अर्ध्या रुपयाएवढी कातडी सोलवटून निघाली होती, आणि आम्हांस त्याची वार्ता नव्हती. दुखलेच नव्हते.

डॉक्टरांनी बारीक, ताठ नायलॉनचा एक धागा काढला, आम्हांस डोळे मिटावयास सांगितले आणि तळव्यावर ठिकठिकाणी तो टेकवीत "आता कळले की सांगा" म्हणाले. आम्ही सांगत होतो. आमच्या मते बराच वेळ ते काही करीतच नव्हते. डोळे उघडून पाहिले, तर सौभाग्यवतींचा चेहरा उतरलेला. त्या अवधीत धागा चार ठिकाणी टेकवून झाला होता.

आमच्या वडिलांच्या उजव्या पायाची दोन बोटे १९८७ साली काढावी लागली होती. त्याचा आरंभही असल्याच एका न दुखलेल्या फोडाने झाला होता. त्याविषयी त्या दिवशी घरात कोणी बोलले नाही. सायकल मात्र माडीखालच्या खोलीत गेली आणि तिच्यावर जुने लुगडे पडले. जखम भरावयास सात आठवडे लागले. डॉक्टरांचे म्हणणे स्पष्ट होते: योग्य पादत्राण मिळाले तर सायकल, नाही तर नाही.

त्या सात आठवड्यांत आम्ही, बसल्या जागी, पादत्राणांचा जो अभ्यास केला तेवढा कॉलेजात असता केला असता तर आज निराळ्या पदावरून निवृत्त झालो असतो. पहिली गोष्ट अशी कळली की, बुटाचा नंबर लांबीपुरताच बोलतो. इंग्रजी मापात एक नंबर म्हणजे इंचाचा तिसरा हिस्सा. सातावरून नवावर गेलो म्हणजे लांबी सुमारे १७ मिलिमीटर वाढली. रुंदी त्या मानाने थोडीच. शिवाय सँडल जेथे दुमडते ती जागा आणि बोटांच्या बुडाचा सांधा यांची फारकत झाली. पाय पुढे सरके, पट्टा भलत्याच ठिकाणी बसे आणि प्रत्येक फेऱ्यास करंगळीवर घासे. परदेशात रुंदीसाठी निराळी अक्षरे असतात. आपल्या दुकानात ती विचारली तर दुकानदार आपल्याकडे सहानुभूतीने पाहतो. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने देशभरातील एक लाखाहून अधिक लोकांच्या पायांची मापे घेतली, आणि भारतीय पाय युरोपीय पायांपेक्षा सामान्यतः रुंद असतो असा निष्कर्ष निघाल्याचे २०२४ साली प्रसिद्ध झाले. ती बातमी आम्ही कात्रण करून ठेवली आहे. खडेबाजारातले ते दुकानदार आता हयात नाहीत, नाही तर नेऊन दाखविली असती.

दुसरी गोष्ट मापाची. पाय दिवसभरात सुजतात, म्हणून माप संध्याकाळी घ्यावे. बसून नव्हे, उभे राहून, दोन्ही पायांवर सारखा भार टाकून. पेन्सिल सरळ उभी धरून. आपण स्वतः वाकलो की भार सरकतो, म्हणून रेघ दुसऱ्याने ओढावी. सौभाग्यवतींनी ओढली. उजवा पाय लांबीला २५.४ सेंटिमीटर, चवड्याला ११.१, डावा दोन्हीकडून थोडा लहान. दोन पाय सारखे नसतात, आणि मोठ्याचे माप खरे धरायचे असते. तो कागद कात्रीने कापून आम्ही त्या नऊ नंबरी सँडलमध्ये ठेवला. पुढे दोन बोटे जागा रिकामी, आणि बाजूला कागदाची करंगळी तळाच्या कडेवरून सरळ बाहेर लोंबत होती! ज्यांचे पाय रुंद आहेत त्यांनी नवे पादत्राण घेताना असा कागद खिशात ठेवावा. दुकानात हसतात; हसू द्यावे.

यानंतर खरी पंचाईत सुरू झाली. डॉक्टरांना तळ मऊ हवा होता. सायकलीला तो कडक लागतो. पायडल अरुंद असते, आणि मऊ तळातून त्याची धार पायात रुतते. डॉक्टरांना बोटे झाकलेली हवी होती, कारण न जाणवणाऱ्या बोटाला खडाही शत्रू. बोटे झाकायची तर पुढची पेटी आणखी रुंद हवी, आणि रुंदी आतल्या बाजूस वाढविली की ती क्रँकला घासते. म्हणजे वाढ बाहेरच्या बाजूसच हवी. पट्ट्याचे मोकळे टोकही बाहेरच्या अंगास हवे, नाही तर उजव्या पायाचे चेनमध्ये जाते. पायडलाला अडकून बसणाऱ्या सँडल्सही असतात. टाच बाहेर मुरडली की त्या सुटतात म्हणे. परंतु बाजारात म्हैस आडवी आल्यावर, ज्या पायाला आपण अडकलो आहोत की सुटलो हेच उमगत नाही, त्याने कोणाला विचारावे?

दुकाने संपल्यावर आम्ही शहापुरातल्या एका जुन्या कारागिराकडे गेलो. त्यांना सारे 'मामा' म्हणतात. त्यांनी कागद पाहिला, पाय पाहिला, करंगळीवरची खूण पाहिली.

"पाय रुंद न्हवं साहेब," ते म्हणाले, "कळबूतच अरुंद असतंय सगळीकडं."

पन्नास वर्षांनी का होईना, आमची बाजू घेणारा माणूस भेटला.

मामांनी एक लाकडी कळबूत घेऊन त्याच्या बाहेरच्या अंगाला चामड्याचे तुकडे चिकटवले, रापीने तासून आमच्या कागदाशी जुळवले. आत मायक्रोसेल्युलर रबराचा मऊ थर घातला. बधिर पायांच्या कुष्ठरुग्णांना जखमा होऊ नयेत म्हणून वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांच्या काळात ज्या रबराची पादत्राणे वापरात आली, तेच हे रबर. पहिला जोड फारच सुखाचा झाला. इतका की वडगाव ओलांडताच तळव्यावर पायडलाचा ठसा उमटला. दुसऱ्या खेपेस आम्ही सुचविले की, मधे अथणीचे जाड चामडे घाला. मामांनी मान हलविली. "पावसात फुगतंय की हो ते." त्यांनी मऊ थराखाली कडक रबराचा जाड थर बसविला, टाचेमागे पट्टा दिला, आणि चवड्यावर व घोट्यापाशी दोन चिकटपट्ट्या, म्हणजे सकाळचा पाय आणि दुपारचा पाय दोघांचीही सोय. मजुरीसह १,८०० रुपये पडले. तळ सेंटिमीटरभर जाड झाल्याने सीट तेवढीच वर घ्यावी लागली, आणि पायडलेही रुंद बसविली.

पहिल्या दिवशी अर्धाच तास. घरी आल्याबरोबर सँडल्स काढून, आरसा धरून तळवे पाहिले. चवड्याशी एक लालसर डाग होता. घड्याळ लावून बसलो. पंधरा मिनिटांत तो मावळला, तेव्हा सौभाग्यवतींनी चहा टाकला. हा आरशाचा विधी आजही रोज चालतो. आमच्या कुलाचारांत त्याची भर पडली आहे.

गेल्या श्रावणात आम्ही पुन्हा येळ्ळूरला जाऊन आलो. परवा थोरल्या चिरंजीवांना घेऊन मामांकडे गेलो होतो. फळीवर आमचे कळबूत ठेवलेले आहे. त्यावर खडूने नावाऐवजी 'सायकलवाले' असे लिहिले आहे. मामांनी ते खाली काढले, चिरंजीवांच्या पायाशी धरले, डोळे बारीक केले, आणि बाहेरच्या बाजूस चामड्याचा आणखी एक तुकडा चिकटवावा लागेल असे सांगितले.