व्होल्टचा हिशेब

मोबाइलच्या खोक्यावर दोन आकडे ठळक छापलेले असतात: प्रोसेसर किती गिगाहर्ट्‌झचा आणि बॅटरी किती एमएएचची. प्रोसेसर किती व्होल्टवर चालतो, हे मात्र कुठेच लिहिलेलं नसतं. १९८५ साली टेक्सस इन्स्ट्रुमेंट्सने बंगळुरूत केंद्र काढलं, त्यानंतर या शहरात चिप डिझाइनचा पेशाच रुजला. त्यात पॉवरचं काम बघणाऱ्या आम्हा मंडळींचा दिवस या न छापलेल्या आकड्यामागे जातो. बॅटरी खाण्याचा आळ वेगावर येतो, पण खरा खर्च त्या वेगापायी चढवाव्या लागणाऱ्या व्होल्टेजचा आहे.

ट्रान्झिस्टरच्या चालू-बंद होण्यात जाणारी पॉवर क्लॉकच्या प्रमाणात वाढते आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात. समजा, १ व्होल्टवर २.४ गिगाहर्ट्‌झने चालणारा कोअर ०.७ व्होल्ट आणि १.२ गिगाहर्ट्‌झवर उतरवला. कामाला दुप्पट वेळ लागेल, पण पॉवर पावपट होते; म्हणजे तेवढ्याच कामाला ऊर्जा जवळपास निम्मी. व्होल्टेज तसंच ठेवून नुसता क्लॉक निम्मा केला, तर पॉवर निम्मी, वेळ दुप्पट आणि बचत काहीच नाही. यावर जाणकार म्हणतात, काम झटपट उरकावं आणि कोअर झोपवावा, कारण जागा कोअर काही न करताही गळतीत वीज घालवतो. हे खरंच आहे. व्होल्टेज एका मर्यादेखाली उतरत नाही. त्यानंतर क्लॉक कमी करत जाणं म्हणजे फक्त गळतीची भर. पण ६० हर्ट्‌झच्या स्क्रीनवर प्रत्येक चित्राला १६.७ मिलिसेकंद मिळतात. ते ६ मिलिसेकंदांत तयार केलं तरी बघणाऱ्याला आधी दिसत नाही. मग हाती दहा मिलिसेकंद असताना १ व्होल्ट कशासाठी द्यायचा? एआरएमने २०११ मध्ये मोठे आणि छोटे कोअर एकाच चिपवर बसवायची रचना आणली, २०१९ च्या लिनक्स ५.० मध्ये कोणतं काम कुठल्या कोअरवर स्वस्त पडेल हे जोखणारा शेड्यूलर आला. दोन्हींमागे हाच हिशेब आहे.

बॅटरीच मोठी द्या, हा सोपा उपाय नेहमी सुचवला जातो. ५००० एमएएचच्या बॅटरीत साधारण १९ वॉट-तास ऊर्जा मावते, आणखीही मावेल. पण पंखा नसलेल्या, हातात धरायच्या फोनमधून सतत मोजक्याच वॉटची उष्णता बाहेर पडू शकते. बॅटरी वाढवून ती मर्यादा हलत नाही.

मला स्वतःला सर्वांत मोलाचं वाटतं ते राखीव व्होल्टेजचं काम. झोपलेला कोअर एकदम जागा होतो, करंट उसळतो आणि व्होल्टेज क्षणभर खाली बसतं. त्या क्षणी सिग्नल क्लॉकच्या ठोक्याआत पोचला नाही, तर उत्तर चुकतं. म्हणून थोडं व्होल्टेज जास्तीचं ठेवावंच लागतं. पण एकाच वेफरवरच्या दोन चिप्सही सारख्या नसतात, आणि सगळ्यांत मंद चिपला लागणारी राखीव सगळ्यांनाच दिली, तर चांगल्या चिप्स विनाकारण तापतात. प्रत्येक चिप मोजून ०.८ व ०.७५ यांतला फरक वाचवला, तर चालू-बंदची पॉवर १२ टक्के घटते. क्लॉक तोच राहतो.