प्रश्न विचारायची वेळ

विम्याचा दावा नाकारला गेला, तर बहुतेक वेळा दावेदाराने काहीतरी दडवलेलं असतं, असं मी नोकरीची बरीचशी वर्षं मानत आले. आज तसं मानत नाही. एका विमा कंपनीच्या क्लेम विभागात माझी नोकरी झाली, निवृत्तीनंतर नवीन पनवेलला राहायला आले आणि मत बदललं ते इथे आल्यावर. ते का बदललं, हे सांगण्यासाठी हे लिहिते आहे.

आधी जुन्या मताची बाजू सांगते, कारण त्यामागे निर्दयपणा नव्हता. विमा म्हणजे अनेकांनी मिळून साठवलेला पैसा. त्यातून एक खोटा दावा दिला, की त्याची किंमत प्रामाणिकपणे हप्ता भरणारे बाकीचे सगळे मोजतात. कायदाही विम्याच्या कराराकडे इतर करारांपेक्षा वेगळ्या नजरेने बघतो. घेणाऱ्याने स्वतःबद्दलची महत्त्वाची माहिती आपणहून सांगितली पाहिजे, कारण ती त्यालाच ठाऊक असते. 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आयुर्विम्याच्या एका प्रकरणात हेच तत्त्व लावलं. दुसऱ्या कंपनीची पॉलिसी आधीपासून असताना प्रपोजल फॉर्ममध्ये तिचा उल्लेख केलेला नव्हता, आणि दावा नाकारणं न्यायालयाने योग्य ठरवलं. खोटी बिलं, खाडाखोड केलेल्या तारखा, अपघात झाल्यावर घाईने काढलेली पॉलिसी, हे सगळं माझ्याही टेबलावर येऊन गेलं आहे. त्यामुळे फाइल उघडली की मी आधी विसंगती शोधायची. तेच माझं काम होतं.

पनवेलला आल्यावर शेजारपाजारच्यांना कळलं, की ह्या विम्यात होत्या. मग लोक कागद घेऊन यायला लागले. “ताई, हे पत्र जरा वाचून सांगता का?” पत्र इंग्रजीत, त्यात पॉलिसीच्या कलमाचा आकडा आणि शेवटी दावा नामंजूर केल्याचं एक वाक्य. अशी पत्रं ज्या बाजूने निघतात ती बाजू मला पाठ होती. ती ज्या घरात पोचतात त्या घरात बसून वाचायची वेळ पहिल्यांदाच येत होती.

कळंबोलीच्या स्टील मार्केटमध्ये काम करणाऱ्या एका गृहस्थांचं प्रकरण माझ्या मनात घर करून राहिलं. छातीत दुखायला लागलं म्हणून रात्री त्यांना एका खासगी रुग्णालयात नेलं, दुसऱ्या दिवशी अँजिओप्लास्टी झाली. मेडिक्लेमची पॉलिसी चौथ्या वर्षात होती, एकही हप्ता चुकलेला नव्हता. आधी कॅशलेस नाकारलं, मग दावाही नाकारला. कारण दिलं होतं, की पॉलिसी घेण्यापूर्वीपासून असलेला रक्तदाब त्यांनी लपवला. पुरावा एकच. भरती करून घेताना ड्युटीवरच्या डॉक्टरने केस पेपरवर लिहिलेली ओळ: सात-आठ वर्षांपासून बीपी. ते डॉक्टरला सांगितलं होतं त्यांच्या पुतण्याने. गृहस्थ स्वतः बोलण्याच्या अवस्थेत नव्हते आणि पुतण्याने अंदाजाने आकडा सांगितला होता. घराजवळच्या डॉक्टरकडचे कागद काढले, तर बीपीची पहिली गोळी पॉलिसी घेतल्यानंतर सुरू झालेली होती.

मग मी प्रपोजल फॉर्मची प्रत मागवायला सांगितली. आजारांबद्दलच्या प्रत्येक प्रश्नापुढे ‘नाही’ वर खूण होती आणि सगळ्या खुणा एजंटच्या हातच्या होत्या. गृहस्थांनी जिथे फुली मारून दिली होती तिथे सही केली होती. कंपनीने त्यांची कसलीही तपासणी केली नव्हती. रक्तदाब मोजायला लागतात दोन मिनिटं. ती दोन मिनिटं कंपनीने पॉलिसी देताना खर्च केली नाहीत. पुढे दर वर्षी हप्ता घेताना काही विचारलं नाही. पहिला प्रश्न विचारला गेला तो बिल आल्यावर.

केस पेपरवरची अशी ओळ आमच्या विभागात पुरेशी मानली जायची. ती कुणी सांगितली, कोणत्या अवस्थेत सांगितली, हे कुणी विचारत नसे. नियम पाळूनच काम चालायचं. पण नियम कोणत्या बाजूला झुकलेला आहे, हे मला त्या घरात दिसलं. सगळी चौकशी अशा वेळी सुरू होते, जेव्हा माणूस आजारी असतो, डोक्यावर उसनवारी असते आणि जुने कागद गोळा करायला घरात कुणाला उसंत नसते. कंपनीकडे मात्र तेव्हा तपासनीस असतो, दावे हाताळणाऱ्या बाहेरच्या संस्थेचे, म्हणजे टीपीएचे, डॉक्टर असतात, वकील असतात.

हे एकाच घराचं दुर्दैव नाही, हे मला शेतकऱ्यांच्या विम्याने पटवलं. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात विमा योजनेत सातबाऱ्यावर नाव असलेल्या शेतकऱ्याचा अपघाती मृत्यू झाला, तर कुटुंबाला 2 लाख रुपये मिळायचे. हप्ता सरकार भरायचं, पैसे द्यायचे ते विमा कंपनीने. साप चावला, वीज पडली, माणूस विहिरीत पडला, की घरच्यांनी सातबारा, वारस नोंद, पोलीस पंचनामा, शवविच्छेदनाचा अहवाल असं एकेक मिळवायचं. व्हिसेराचा अहवाल आला नाही तर थांबायचं. तो अहवाल विधवेच्या हातात थोडाच असतो? एप्रिल 2023 मध्ये राज्य सरकारने विमा कंपन्यांना यातून बाजूला केलं आणि तीच मदत सानुग्रह अनुदान म्हणून स्वतः द्यायला सुरुवात केली. प्रस्ताव वेळेत मंजूर होत नाहीत, नको त्या त्रुटी काढून नाकारले जातात, हे त्यामागचं कारण होतं. अर्ज आता तालुका कृषी अधिकाऱ्याकडे जातो आणि तहसीलदारांच्या अध्यक्षतेखालची समिती निर्णय घेते. इथे हप्त्याचे पैसे सरकारचे होते आणि माहिती दडवण्यासारखं शेतकऱ्याकडे काहीच नव्हतं. तरीही दावे अडत होते. मग ‘दावेदाराने काहीतरी दडवलेलं असतं’ या माझ्या जुन्या उत्तराला काय अर्थ उरला?

पनवेलकरांनी विम्याचं दुसरं रूपही पाहिलं आहे. ऑगस्ट 2021 मध्ये रिझर्व्ह बँकेने पनवेलच्या कर्नाळा नागरी सहकारी बँकेचा परवाना रद्द केला. त्याच वेळी हेही जाहीर झालं, की 95 टक्के ठेवीदारांना त्यांची पूर्ण रक्कम ठेव विमा महामंडळाकडून मिळेल. ठेव विम्याची मर्यादा 1993 पासून 1 लाख रुपये होती, ती फेब्रुवारी 2020 मध्ये 5 लाखांवर गेली होती. ज्यांच्या ठेवी त्याहून मोठ्या होत्या त्यांचं दुःख या विम्याने मिटलं नाही. पण पाच लाखांच्या आतल्या ठेवीदाराने फक्त आपली ओळख पटवायची होती. हीच बँक का निवडलीस, असं त्याला कुणी विचारलं नाही. बँक बुडाल्यावर तोटा किती ते खात्यात लिहिलेलंच असतं, आजाराचं तसं नसतं, हे मला मान्य आहे. तरीही एक गोष्ट मी त्यातून घेतली. संरक्षण कुणाला आणि किती, हे आधीच पक्कं ठरलेलं असेल, तर दाव्याच्या वेळी माणसाचा प्रामाणिकपणा तपासत बसावं लागत नाही.

न्यायालयांचे निकाल मी नोकरीत असताना कंपनीच्या सोयीचे तेवढे लक्षात ठेवायची. आता उरलेले वाचते. 2015 मध्ये एका मराठी कुटुंबाच्या आयुर्विम्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की मणक्याचं दुखणं प्रपोजल फॉर्ममध्ये लिहिलं नव्हतं, एवढ्यावरून हृदयविकाराने गेलेल्या माणसाचा दावा नाकारता येत नाही. 2021 मध्ये परदेश प्रवासाच्या मेडिक्लेमच्या प्रकरणात म्हटलं, की विमेदाराने प्रकृतीची माहिती दिल्यावर, ती तपासून कंपनीने एकदा पॉलिसी दिली, की तोच आजार पुढे करून तिला मागे फिरता येणार नाही. 2022 मध्ये चोरीला गेलेल्या ट्रकच्या प्रकरणात न्यायालयाने कंपनीला सुनावलं, की जो कागद मिळवणं दावेदाराच्या हातात नाही, त्यासाठी दावा अडवू नका. हे तिन्ही निकाल योग्य आहेत. पण ते मिळवायला त्या माणसांना दिल्लीपर्यंत जावं लागलं.

नियमही त्याच दिशेने सरकताहेत. 2015 च्या दुरुस्तीनंतर आयुर्विम्याची पॉलिसी तीन वर्षांनी कोणत्याही कारणाने वादात ओढता येत नाही. आरोग्य विम्यात सलग पाच वर्षं संरक्षण असलं, की त्यानंतर फसवणूक सिद्ध झाल्याशिवाय माहिती दडवल्याचं कारण चालत नाही. एप्रिल 2024 पूर्वी ही मुदत आठ वर्षांची होती. आता कंपनीच्या दावा पुनर्विचार समितीच्या मंजुरीशिवाय आरोग्य विम्याचा दावा नाकारता येत नाही. डिस्चार्जच्या मंजुरीला तीन तासांहून जास्त वेळ लावला, तर रुग्णालयाचा वाढीव खर्च कंपनीने सोसायचा आहे. ठरावीक काळानंतर प्रश्न विचारायचा हक्क संपतो, हे कायद्याने मानलं आहे. माझं म्हणणं त्याच्या एक पाऊल पुढे आहे. जी गोष्ट कंपनीला पॉलिसी देताना सहज तपासता आली असती आणि तिने तपासली नाही, तिच्याबद्दल दाव्याच्या वेळी प्रश्न विचारायचा हक्क तिला पहिल्या दिवसापासूनच नसावा. आणि फॉर्म एजंटने भरला असेल, तर त्यातल्या खुणांची जबाबदारी त्याला नेमणाऱ्या कंपनीची असावी.

माझे जुने सहकारी यावर म्हणतात, की असं केलं तर प्रत्येकाची तपासणी करावी लागेल, हप्ते वाढतील आणि आजारी माणसांना पॉलिसीच मिळणार नाही. हा आक्षेप खरा आहे आणि मी तो टाळत नाही. पण नकार मिळायचाच असेल, तर तो सुरुवातीला मिळू दे. तेव्हा माणसाच्या हातात हप्त्याचे पैसे असतात आणि दुसरी सोय बघायला वेळ असतो. तो थोडी बचत बाजूला ठेवेल, किंवा पूर्वीच्या आजाराची अट न घालणाऱ्या सरकारी योजनेचं कार्ड काढून ठेवेल. चार वर्षं हप्ते भरून घेऊन रुग्णालयाच्या काउंटरवर दिलेला नकार त्याला काहीच करायची संधी ठेवत नाही. खोटे दावे येतील, तर फसवणूक सिद्ध करायचा भार कंपनीने उचलावा. तिच्याकडे त्याची साधनं आहेत.

त्या गृहस्थांचे पैसे शेवटी मिळाले. उपचार करणाऱ्या डॉक्टरांचं पत्र जोडून कंपनीकडे लेखी तक्रार केली आणि महिनाभरात समाधान झालं नाही म्हणून विमा लोकपालांकडे गेलो. तिथे फी नाही, वकील लागत नाही, 50 लाखांपर्यंतच्या दाव्याचा निर्णय होतो आणि तो कंपनीवर बंधनकारक असतो. रायगड जिल्ह्याला आता त्यासाठी ठाण्याचं कार्यालय आहे. तिथे जमलं नाही, तर अलिबागला जिल्हा ग्राहक आयोग आहे. माझ्याकडे येणाऱ्यांना मी हे सगळं सांगते. प्रपोजल फॉर्म स्वतःच्या हाताने भरा, बीपी-शुगर असेल तर लिहा, फॉर्मची प्रत जपून ठेवा आणि रुग्णालयात भरती करताना आजाराची वर्षं अंदाजाने सांगू नका, असंही बजावते.

पण हे सांगताना मला ठाऊक असतं, की सावधपणाचा सगळा भार मी पुन्हा त्याच माणसावर टाकते आहे. पाठिंबा नसलेला, इंग्रजी न वाचणारा दावेदार लोकपालांपर्यंत पोचत नाही. तो पत्र घडी करून ठेवून देतो आणि कर्ज फेडत राहतो. म्हणून वैयक्तिक खबरदारीवर माझं समाधान होत नाही. फाइल उघडल्यावर मी आता आधी एकच गोष्ट बघते: पैसे घेताना कंपनीने काय विचारलं होतं? काहीच विचारलं नसेल, तर दावा दिला पाहिजे, आणि नियमही तसाच झाला पाहिजे.