टांगणीला लागलेले गाव

इटलीला जाऊन आलेला माणूस रोमचे भग्न रंगमंडल, फ्लॉरेन्सची चित्रे आणि व्हेनिसचे कालवे यांविषयी बोलू लागला, की ऐकणाऱ्याने खुशाल एक डुलकी काढावी. ती शहरे न पाहताही आपल्याला पाठ आहेत. मला सांगायचे आहे ते या महानगरांच्या अधेमधे, डोंगरमाथ्यांवर बसलेल्या चिमुकल्या गावांविषयी. आगगाडीच्या खिडकीतून ती सारखी दिसत राहतात. टेकडीचा माथा, त्याला वेढणारा तट, तटाला खेटून दाटीने उभी असलेली घरे आणि सगळ्यांच्या वर मान काढून पाहणारा देवळाचा मनोरा. शत्रू आणि हिवताप हे दोघेही खालच्या सपाटीवरून येत, म्हणून माणसे वर जाऊन राहिली. शत्रू गेले, हिवतापही गेला. गावे मात्र वरच राहिली.

त्यांतले एक गाव माझ्या मनात घर करून बसले आहे. त्याचे नाव चिविता दि बान्योरेजो.

रोमहून आगगाडीने सव्वा-दीड तासात ऑर्व्हिएतोला उतरायचे. हे गावही खडकावरचेच. तिथली एक विहीर चुकवू नये. १५२७ साली रोमची लूट झाली तेव्हा पोप सातवा क्लेमेंट इथे आश्रयाला आला. वेढा पडला तर पाण्यावाचून मरायची पाळी यायची, म्हणून त्याने सांगाल्लो या वास्तुशिल्पज्ञाकडून पन्नास मीटरांहून खोल विहीर खोदून घेतली. तिच्या पोटात एकमेकांना वेढे घालत जाणारे दोन स्वतंत्र जिने आहेत, प्रत्येकी २४८ पायऱ्यांचे. पाणी आणायला उतरणाऱ्या खेचराची वर येणाऱ्या खेचराशी गाठच पडत नसे. आमच्या सौभाग्यवतींनी विहिरीत डोकावून पाहिले आणि म्हणाल्या, “अहो, नळावरची भांडणे मिटवायला पोप किती शहाणा निघाला!”

ऑर्व्हिएतोहून बस बान्योरेजोला नेते. तिथून थोडे चालले, की रस्ता एका कठड्याशी येऊन थांबतो आणि बोलता बोलता माणूस गप्प होतो. समोर खोल दरी. दरीत पांढुरक्या मातीच्या धारदार वळ्या, वाळत घातलेल्या वस्त्राला सुरकुत्या पडाव्यात तशा. आणि मधोमध एक एकाकी सुळका, त्याच्या माथ्यावर पिवळसर दगडांचे अख्खे गाव. भोवतालची जमीन कुणी तरी काढून घेतली आणि गाव तेवढे विसरून ठेवले, असे वाटते.

आणि झालेही काहीसे तसेच आहे. वरचा थर ज्वालामुखीच्या राखेपासून बनलेल्या दगडाचा. त्याला तिकडे तुफो म्हणतात. कापायला सोपा, बांधायला उत्तम. पण तो टेकला आहे एका प्राचीन समुद्राच्या तळाशी साचलेल्या चिकणमातीवर. पाऊस ती माती धुऊन नेतो, आणि पायाखालचा आधार सुटला की वरचा दगड मोठाल्या कपच्यांनी दरीत कोसळतो. दोन्ही अंगांनी दोन ओढे हेच काम अहोरात्र करीत असतात. एकाचे नाव रिओ किआरो, म्हणजे निर्मळ ओढा. दुसऱ्याचे रिओ तोर्बिदो, म्हणजे गढूळ ओढा. नावे वेगळी, धंदा एकच.

सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वी एत्रुस्कन लोकांनी हे गाव वसवले. ते जोडणारी डोंगराची सोंड होती, तीही हळूहळू ढासळली. १६९५ साली मोठा भूकंप झाला. बिशपची गादी आणि बरीचशी माणसे पलीकडे बान्योरेजोला गेली. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी माघार घेताना पूलही उडवला. आजचा पादचारी पूल १९६५ सालचा. लांबी सुमारे तीनशे मीटर, आणि शेवटचा चढ असा, की सौभाग्यवती मध्येच थांबून म्हणाल्या, “निदान एखादी डोली तरी ठेवायची!” पर्यटकाची मोटार इथे चालत नाही. ज्याला यायचे त्याने आपल्या पायांनी यावे.

पुलाच्या टोकाला खडकातून कोरून काढलेली वेस आहे. वेशीवर दगडी सिंह, आणि त्यांच्या पंजांत माणसांची मुंडकी. उन्मत्त सरदारांचा पाडाव केल्याची ती खूण. आत शिरताच एका जुन्या वाड्याची देखणी दर्शनी भिंत लागते. मी कौतुकाने तिच्या खिडकीकडे पाहिले, तर खिडकीत आकाश! वाडा मागच्या मागे दरीत गेलेला. उरला आहे तो केवळ मुखवटा.

पुढचा चौक मात्र प्रसन्न. सान दोनातोचे देऊळ, दगडी जिन्यांवर फुलांच्या कुंड्या, उन्हात पसरलेली मांजरे. जूनमध्ये आणि सप्टेंबरमध्ये याच चौकात गाढवांच्या शर्यती लागतात. तेराव्या शतकातले थोर तत्त्वज्ञ संत बोनाव्हेंतुरा यांचे बालपण याच गावात गेले. दांतेने आपल्या महाकाव्यात त्यांना स्वर्गात जागा दिली आहे. तिकडची जागा पक्की. इकडचे घर मात्र कड्यावरून केव्हाच कोसळले. गावात एक संग्रहालय आहे, तेही भूगर्भाचे आणि दरडींचे! आपल्याच दुखण्याचे कागद नीट लावून ठेवणाऱ्या एखाद्या वृद्धासारखे मला ते वाटले.

दुपारी एका खाणावळीत बसलो. भाजलेल्या पावाच्या जाड कापावर लसूण चोळलेला, वर ऑलिव्हचे हिरवट तेल. मालक पन्नाशीचा, मोडके इंग्रजी बोलणारा. मी विचारले, “तुम्ही इथलेच का?”

“माझी आजी इथली,” तो म्हणाला. “मी रात्री पूल ओलांडून घरी जातो. आम्ही सगळेच जातो.”

वर्षाकाठी लाखो माणसे येणाऱ्या या गावात बारमाही राहणारी माणसे जेमतेम दहा-पंधरा. बान्योरेजोचेच लेखक बोनाव्हेंतुरा तेक्की (१८९६–१९६८) यांनी त्याला ‘मरणारे गाव’ म्हटले, आणि गंमत अशी, की त्या नावानेच जग इथे लोटले. २०१३ पासून गावात शिरायला तिकीट आहे. सुरुवातीला दीड युरो होते, पुढे ते वाढत गेले. मरणाची कीर्ती गावाला जगवते आहे.

पुढे तोस्कानात सान जिमिन्यानो पाहिले तेव्हा हे कोडे थोडे उलगडले. श्रीमंत घराण्यांनी ईर्षेने बांधलेल्या तिथल्या मनोऱ्यांची संख्या एके काळी ७२ होती, असे सांगतात. आज चौदाएक उभे आहेत. १३४८ च्या प्लेगने गाव खचले, १३५३ मध्ये ते फ्लॉरेन्सच्या ताब्यात गेले, आणि वैभव आटले. जुने पाडून नवे बांधायला पैसाच उरला नाही, म्हणून जुने राहिले. आपण ज्याला मोहक म्हणून टिपतो, ते पुष्कळदा कुणाच्या तरी पडत्या काळाने जपलेले असते. तिथल्या माणसाला हौस नव्हती असे नाही, ऐपत नव्हती.

म्हणून अशा गावी गेल्यावर नुसते ‘अहाहा’ म्हणून परतणे मला पुरेसे वाटत नाही. चिवितात उतरायला थोड्याशाच खोल्या मिळतात. जमल्यास एक रात्र राहावे. संध्याकाळी शेवटचे प्रवासी पूल उतरून गेले, खाणावळींच्या फळ्या पडल्या, की गाव आपल्या खऱ्या आकाराचे होते. दरीतून वारा वर येतो आणि उजेडाच्या खिडक्या बोटांवर मोजता येतात. तिकिटाचे पैसे गावाला मिळतातच. पण कड्याच्या काठावर रात्री एक दिवा जास्त लागला, तर तेही त्याला हवेच असेल.