भुऱ्याचं दुखणं

कुत्रा विव्हळत नसेल तर त्याला दुखत नाही, असं आपण धरून चालतो. गेल्या रमजानमध्ये आमच्या गल्लीतल्या भुऱ्याचा मागचा उजवा पाय मांडीपासून काढावा लागला आणि पुढचे दोन आठवडे तो आमच्या घरी राहिला. तेवढ्या दिवसांत तो दोन-तीनदाच ओरडला असेल. दुखत मात्र सारखं होतं. बीएडला असताना शिकवलं होतं की, वर्गात गप्प बसणाऱ्या मुलाकडं आधी बघा. ते मला मुलांच्या बाबतीत जेवढं उपयोगी पडलं, तेवढंच या कुत्र्याच्या बाबतीतही पडलं.

भुऱ्या कुणाचाच नाही. पोरं त्याला पाव घालतात आणि तो आमच्या फाटकाशी झोपतो, एवढंच नातं. टेम्पोच्या चाकाखाली त्याचा पाय चिरडला. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, "पाय वाचणार नाही. तीन पायांवर कुत्रा चांगला जगतो, त्याची काळजी करू नका. पण सुरुवातीचे दिवस वेळेवर औषध देणारं माणूस हवं. ते नसेल तर ऑपरेशन करून त्याला रस्त्यावर सोडणं हा जुलूम होईल." गल्लीतले काही जण म्हणाले, इंजेक्शन देऊन सोडवा बिचाऱ्याला. म्हणजे प्रश्न पायाचा नव्हताच. दुखणं कोण सांभाळणार, हा होता.

आमच्या घरात तो सोपा नव्हता. माझ्या सासूबाई, म्हणजे अम्मी, पाच वक्ताच्या नमाजी. "घर में कुत्ता? वो भी रमजान में?" हा त्यांचा पहिला सवाल. आम्ही हनफी. आमच्याकडं कुत्र्याची लाळ नापाक मानतात, नुसत्या कोरड्या केसांच्या स्पर्शानं कपडे नापाक होत नाहीत. कोकणातल्या माझ्या शाफई मैत्रिणींकडं नियम याहून कडक आहेत. आम्ही मधला रस्ता काढला. भुऱ्या मागच्या पडवीत राहील, त्याचं करताना मी वेगळा सलवार-कमीज घालेन आणि तो बदलूनच नमाजला उभी राहीन. तहानलेल्या कुत्र्याला मोज्यातून पाणी पाजणाऱ्या माणसाला अल्लाहनं माफ केलं, ही हदीस आपण सगळ्यांनी लहानपणापासून ऐकली आहे. पण पाणी एकदा पाजून होतं. दर आठ तासांनी औषध देणं ही वेगळी गोष्ट आहे.

औषधं दोन होती. सूज आणि वेदना कमी करणारं मेलॉक्सिकॅम दिवसातून एकदा, खाल्ल्यावरच. नसांच्या दुखण्यासाठी गॅबापेंटिन, दिवसातून तीनदा. मात्रा कुत्र्याच्या वजनावर ठरते, म्हणून ती इथं लिहीत नाही. पण डॉक्टरांनी सांगितलेल्या दोन गोष्टी लिहिते. पहिली, दुखायला लागल्यावर गोळी शोधायची नाही. दुखणं चढायच्या आत पुढची गोळी पोटात गेली पाहिजे. एकदा चढलेलं दुखणं उतरवायला फार कठीण. दुसरी, माणसाची गोळी कुत्र्याला द्यायची नाही. शेजारच्या भाभी आपुलकीनं घरातली पाकिटं घेऊन आल्या होत्या. आयब्युप्रोफेनसारखी गोळी कुत्र्याच्या पोटात व्रण पाडते, मूत्रपिंड निकामी करू शकते. मेलॉक्सिकॅम चालू असतानाही उलटी किंवा काळी शी झाली, तर गोळी थांबवून लगेच फोन करायचा.

रमजानचा एक फायदा झाला. सहरीला सगळं घर जागं, म्हणून पहाटेची गोळी कधी चुकली नाही. रात्रीची तरावीहच्या वेळी. दुपारी एकची मात्र अडायची, कारण मी शाळेत. ती अम्मींनी आपणहून अंगावर घेतली. बिनमसाल्याची, बिनकांद्याची कलेजी उकडून तिच्या तुकड्यात कॅप्सूल खुपसायची आणि वाडगा काठीनं पुढं सरकवायचा. हात लावणार नाही म्हणाल्या होत्या, नाही लावला. गोळीही एकदा चुकवली नाही.

डॉक्टरांनी मला दुखणं मोजायची एक तऱ्हा दाखवली. ग्लासगो विद्यापीठातल्या पशुवैद्यकांनी ती तयार केली आहे. सहा गोष्टी बघायच्या: आवाज, जखमेकडं लक्ष, चाल, जखमेभोवती दाबल्यावर काय करतो, मन कसं आहे आणि बसण्या-झोपण्याची ढब. एकूण गुण 24. सहा किंवा जास्त आले, तर औषध पुरत नाही असं समजायचं. आमच्या पेशात जास्त गुण मिळवायचे असतात, इथं उलटं. मी हजेरीसारखे रकाने आखून वही घातली: वेळ, गोळी, गुण. तिसऱ्या दिवशी आकडा आठवर गेला. वही बघून डॉक्टरांनी त्याच दिवशी औषध बदलून दिलं. नुसतं "बरा वाटत नाही" म्हटलं असतं, तर त्यांना काय कळलं असतं?

त्या दिवशीचं दुखणं पहिल्यांदा अम्मींच्या लक्षात आलं होतं. भुऱ्या ओरडत नव्हता, खातही होता. अम्मी म्हणाल्या, "ये सोया नहीं. बैठता, उठता, फिर बैठता. जिसको दुखता ना, उसको करवट नहीं मिलती." उन्हाळ्याच्या मानानंही त्याची धाप जास्त होती, डोळे अर्धवट मिटलेले. मग मी वही काढली.

बाकीचं काम साधं, पण औषधाइतकंच महत्त्वाचं. पहिले दोन-तीन दिवस कापडात गुंडाळलेला बर्फ टाक्यांजवळ दहा-दहा मिनिटं. गळ्यात प्लास्टिकचं नरसाळं, म्हणजे टाके चाटता येत नाहीत. आमची शहाबादी फरशी गुळगुळीत. तीन पायांचा कुत्रा तिच्यावर घसरला की टाके ताणतात. सोलापुरात चादरींना काय तोटा! जुन्या चादरी अंथरल्या आणि टॉवेल पोटाखालून घेऊन त्याला अंगणात नेलं.

एका रात्री तो झोपेतून किंचाळून उठला आणि जिथं पाय नव्हता, तिथं वळून बघत राहिला. माणसांच्या अशा दुखण्याला 1871 मध्ये अमेरिकी डॉक्टर सायलस वीअर मिचेल यांनी 'फँटम लिंब' हे नाव रूढ केलं. कुत्र्यांनाही तसंच होतं का, हे त्यांना विचारता येत नाही. डॉक्टर म्हणाले, होतंय असं धरून औषध चालवा, आणि गॅबापेंटिन एकदम न तोडता हळूहळू कमी करू.

चौदाव्या दिवशी टाके निघाले. आता भुऱ्या फाटकाशीच असतो, तीन पायांवर पोरांच्या मागं धावतो. त्याचं वजन वाढू द्यायचं नाही, उरलेल्या पायांवर भार येतो. म्हणून पोरांना पाव मोजून घालायला सांगितलं आहे.

अम्मींना गुडघ्याबद्दल विचारलं, तर त्या "अल्हम्दुलिल्लाह, ठीक है" एवढंच म्हणतात. हल्ली मी विचारत नाही. सजद्यातून उठताना त्या जमिनीला किती वेळ हात टेकतात, ते बघते. ईदनंतर त्यांना हाडांच्या डॉक्टरांकडं नेलं. घरात आणखी एक वही झाली आहे.