साडेतीन चरणांचं नेवासं

अहिल्यानगरहून संभाजीनगरच्या रस्त्याने साठेक किलोमीटरवर नेवासा फाटा लागतो. तिथून आत वळलं की दुतर्फा ऊस, मग गाव आणि प्रवरा. ज्ञानेश्वर मंदिराच्या देणगी खिडकीवर पुढचे आजोबा पाचशेच्या नोटेवर एक रुपया ठेवून पावती फाडून घेत होते. सोबतच्या भाचीने जपानीचा वर्ग लावलाय. ती म्हणाली, "मामा, जपानी लोकही लग्नात आहेर विषम आकड्याचाच करतात. सम रकमेचे दोन भाग होतात ना! आणि चार तर नकोच, त्याचा उच्चार मरणासारखा."

गाभाऱ्यात पैस खांब. मूर्ती नाही, साधा दगडी खांब. त्यावरचा संस्कृत लेख करवीरेश्वराच्या अखंड दिव्याच्या तेलासाठी दिलेल्या दानाचा आहे. म्हणजे इथेही हिशेबच! या खांबाला टेकून ज्ञानदेवांनी ज्ञानेश्वरी सांगितली आणि सच्चिदानंदबाबांनी ती लिहून घेतली, असं मानतात. शके 1212, म्हणजे इ.स. 1290. प्रचलित जन्मशक धरला तर वय पंधरा. गीतेचे सातशे श्लोक, आणि त्यांच्यावर नऊ हजारांहून अधिक ओव्या. नेमका आकडा प्रतीप्रमाणे थोडा बदलतो. एकनाथांनी शके 1506 मध्ये पाठ शुद्ध केला, तोवर जवळजवळ तीनशे वर्षं लोटली होती.

भाची हायकूची अक्षरं बोटांवर मोजून दाखवत होती : पाच, सात, पाच. आमच्या ओवीला हा जाच नाही. तीन चरण यमकाने बांधायचे, चौथा आखूड सोडायचा; अक्षरं कमीजास्त झाली तरी चालतात. म्हणून तिला साडेतीन चरणी म्हणतात. मराठी माणसाला या साडेतीनचा भारी सोस : मुहूर्त साडेतीन, शक्तिपीठं साडेतीन, पेशवाईतले शहाणेही साडेतीनच. त्यातले तीन पूर्ण कोण नि अर्धा कोण, हा वाद मात्र रंगतो.

प्रवरेकाठच्या लाडमोड टेकाडावर डेक्कन कॉलेजच्या सांकलियांनी 1954 पासून उत्खनन केलं. नेवाशात अश्मयुगापासूनच्या वस्तीच्या खुणा सापडल्या. त्यापुढे ज्ञानदेवांचा काळ परवाचाच वाटतो.

जमलं तर पारायणाच्या सप्ताहात जा. सात दिवसांत अठरा अध्याय उरकायचे असतात, आणि सगळ्यांत मोठा अठरावाच आहे.