अडलेली शेपटी

पतंग उडवलेल्या प्रत्येकाला शेपटीची थोरवी ठाऊक असते. वर गेलेला पतंग गिरक्या घेऊ लागला की आपण तो खाली उतरवतो, चिंधीची एक शेपटी त्याला बांधतो, आणि मग तोच पतंग शहाण्या मुलासारखा एका जागी ठरतो. शेपटी पुढे नेत नाही, वरही नेत नाही; ती नुसती सावरते. पण वारा जोराचा असला म्हणजे सावरणे हेच मोठे काम असते!

मोटारीलाही शेपटी लागते. धावऱ्या मोटारीची पाठ कासवासारखी उतरती असते. वेगात तिच्यावरून वारा घसरू लागला की तो ती पाठ वर ओढतो आणि मागची चाके रस्त्यावर हलकी होतात. वेग दुप्पट झाला की ही ओढ चौपट होते. म्हणून १९७२ साली पोर्शे कंपनीने आपल्या कॅरेरा आरएस मोटारीच्या पाठीवर बदकाच्या शेपटीसारखा उंचवटा बसवला. पुढे १९८८-८९च्या सुमारास फोक्सवॅगनची कोराडो आणि पोर्शेची नवी ९११ यांत आणखी मौज आली : हळू चालताना शेपटी पाठीत मिटलेली, वेग वाढला की आपोआप वर! हा नुसता नखरा नव्हे. १९९८ साली ऑडीची टीटी शेपटीवाचून रस्त्यावर आली. भरधाव वेगात अपघात झाले, माणसे दगावली. मग कंपनीने मोटारी परत बोलावून त्यांच्या पाठीवर शेपट्या बसवल्या.

आम्ही जर्मनीत, स्टुटगार्टला राहतो. आमच्या जुन्या, दोनच माणसांच्या मोटारीलाही अशी शेपटी आहे. ताशी १२० किलोमीटरला ती उठते, ८०च्या खाली आले की बसते. मोटार आता मुलगीच चालवते. ती म्युनिचला नोकरीला. दर शुक्रवारी घरी येते. एका शुक्रवारी ती नेहमीपेक्षा पुष्कळ उशिरा आली. म्हणाली, "बाबा, शेपटीचा दिवा लागला. मग ऐंशीच्या वर गेलेच नाही." मागे जाऊन पाहतो तो उजवी बाजू दोन बोटे वर, डावी जागच्या जागी. एकच भुवई उंचावून कुणी बघावे तसे ते ध्यान दिसत होते.

कारखानेवाल्याने सबंध यंत्रणा बदलायला सांगितली. शेजारी म्हणाले, "वर करून कायमची बांधून टाका." मी म्हटले, आधी नाडी तर पाहू!

नाडी पाहायची ती कानाने. बटण दाबावे. आवाजच नसेल तर दोष फ्यूजमध्ये, रिलेमध्ये, तारेत किंवा विजेच्या मोटरीत. मोटर गुणगुणते पण शेपटी हलत नाही, तर दोष पुढे. मधोमध एक मोटर, तिच्यापासून दोन्ही बाजूंना स्कूटरच्या स्पीडोमीटरला असते तशी एकेक पिळाची केबल, आणि केबलच्या टोकाला शेपटी उचलणारा स्क्रू. म्हणजे दोन खांदेकऱ्यांची पालखीच! एक चालला आणि दुसरा अडला की पालखी तिरपी होऊन रुतते. मग जोर करणाऱ्या मोटरीचे दात झिजतात.

डावी केबल बाहेर काढली. तिच्यावरचे वंगण सुकून मेणासारखे घट्ट झाले होते, त्यात वर्षांची धूळ. टोकाचे चौकोनी कोन मात्र शाबूत होते. ते गोल झाले असते तर केबलच बदलावी लागली असती. पुसून, नवे वंगण लावून, दोन्ही बाजू तळाशी सारख्या करून मगच केबल जोडली. हे सारखे करणे विसरले तर सारी मेहनत तिरपीच वर येते. बटण दाबले. शेपटी सरळ उठली. मुलगी म्हणाली, "पुन्हा एकदा दाबा ना!"

तिच्या शहरातल्या फिरण्यात १२०चा वेग येतो कुठे? आठवडे न् आठवडे शेपटी मिटलेलीच. झिजून बिघडतात त्या वस्तूंची आपण काळजी घेतो. न वापरल्याने बिघडणाऱ्यांची आठवण त्या अडल्यावरच होते. आणि अशा वस्तू नेमक्या अडीनडीच्याच असतात.

आमच्या आईचा चकलीचा पितळी सोऱ्या असाच स्क्रूचा होता. वर्षाकाठी दिवाळीलाच लागायचा. एरवी पुसून, कोरडा करून, तेलाचे बोट लावून ती तो कागदात गुंडाळून ठेवी. पण दर दोन-तीन महिन्यांनी काढून, पीठ नसताना, नुसताच फिरवून बघे. "चकल्या नाहीत, मग कशाला गं?" म्हणून आम्ही हसायचो. "दिवाळीला अडू नये म्हणून," ती सांगे. मुलीला मी महिन्यातून एकदा, मोटार उभी असताना, ते बटण दाबायला सांगितले आहे. तीही हसली. पण दाबते.